शब्दचर्चा: केंद्रक, केंद्रिका की केंद्रकी?

डिचोलीहून प्रश्न

आठवी-नववीच्या मुलांसाठी पेशीच्या न्यूक्लियसचा मोठा तक्ता मराठीत करायचा आहे. मुलं विज्ञान इंग्रजीतून शिकतात, पण घरी आणि वाचनालयात मराठी वाचतात. न्यूक्लियसला 'केंद्रक' लिहिलं, तिथवर ठीक. त्याच्या आतल्या दाट ठिपक्याला, न्यूक्लिओलसला, कुठे 'केंद्रकी' सापडतं, कुठे 'केंद्रिका'. क्रोमोसोमला कुणी गुणसूत्र म्हणतं, कुणी रंगसूत्र. मराठी पाठ्यपुस्तकात मध्येच 'प्रकलविभाजन' येतं, त्यातलं 'प्रकल' काय असतं? तक्ता एकदा रंगवला की पुसता येणार नाही, म्हणून आधी विचारते.

फोंड्याहून

आधी 'केंद्रक' नीट पाहू, कारण निम्मा घोळ तिथूनच सुरू होतो. शब्द वाचला की वाटतं, पेशीच्या मधोमध असतं ते केंद्रक. पण कांद्याच्या पापुद्र्यातली पेशी पाहा: मधली बहुतेक जागा रिक्तिकेने, म्हणजे द्रवाने भरलेल्या पिशवीने, व्यापलेली आणि केंद्रक कडेला, भिंतीलगत सरकलेलं. चरबीच्या पेशीत तर चरबीचा मोठा थेंब त्याला कोपऱ्यात दाबून चपटं करून टाकतो.

मूळ लॅटिन शब्दात 'मध्य' हा अर्थ नाहीच. नक्स म्हणजे टणक कवचाचं फळ, आणि न्यूक्लियस म्हणजे त्याच्या आतला गर. रॉबर्ट ब्राउनने १८३१ साली ऑर्किडच्या पेशींत दिसणाऱ्या ठिपक्याला हा शब्द लावला. काजूची बी भाजून फोडली की आतून निघतो तो काजूगर, तेच हे चित्र. गर बरोबर मध्यावर आहे का, हे कुणी मोजत नाही. तो कवचाच्या आत जपलेला असतो आणि बीचं सत्त्व त्याच्यात असतं.

मग 'गर'च का घेऊ नये? कारण गर म्हटलं की आपल्याला फणसाचे गरे आठवतात, खायचा भाग आठवतो. 'गाभा' बोलताना छान, पण त्यापासून पुढचे शब्द तयार होत नाहीत. केंद्रकापासून बहुकेंद्रकी, अकेंद्रकी, दृश्यकेंद्रकी, आदिकेंद्रकी असा सगळा गोतावळा उभा राहिला आहे. स्नायूंचा तंतू बहुकेंद्रकी, आपली पक्व तांबडी रक्तपेशी अकेंद्रकी, जिवाणू आदिकेंद्रकी, म्हणजे आवरणातलं केंद्रक नसलेले. तेव्हा 'केंद्रक'च ठेवा, फक्त चित्रात ते थोडं कडेला काढा. मग शब्दाने होणारी चूक चित्र दुरुस्त करील.

मडगावहून

'केंद्रिका' लिहा, आणि हे मी आवडीनिवडीने सांगत नाही. नाटकाची नाटिका होते, पुस्तकाची पुस्तिका होते, तशी केंद्रकाची केंद्रिका. लॅटिनमध्येही न्यूक्लिओलस हे न्यूक्लियसचं लघुरूपच आहे, म्हणजे दोन्हीकडे शब्दाची घडण एकच.

'केंद्रकी' चुकीचं म्हणणार नाही, ते छापलेलं आढळतं. अडचण वेगळी आहे. वर फोंड्याहून जी विशेषणं दिली त्यांचा शेवट पाहा. 'दृश्यकेंद्रकी पेशी' म्हणजे जिचं केंद्रक स्पष्ट दिसतं ती. त्याच तक्त्यावर 'केंद्रकी' हे नाम म्हणून लिहिलंत, तर मूल 'दृश्यकेंद्रकी'चा अर्थ 'जिची केंद्रकी दिसते ती पेशी' असा लावील, आणि त्यात मुलाचा काहीच दोष नसेल.

केंद्रिकेभोवती पडदा नसतो. रायबोझोम म्हणजे प्रथिनं घडवणारं पेशीतलं यंत्र. त्याच्या आरएनएची जनुकं जिथे कामाला लागलेली असतात, तिथे तो आरएनए आणि प्रथिनं दाटीने जमतात, त्या जमावाला केंद्रिका म्हणायचं. माणसात ही जनुकं १३, १४, १५, २१ आणि २२ या क्रमांकांच्या गुणसूत्रांवर आहेत. रायबोझोमचे दोन्ही भाग तिथे घडतात आणि सुटे सुटे बाहेर पडतात. पेशी विभागायला लागली की केंद्रिका विरते, विभाजन संपताना पुन्हा दिसू लागते.

'प्रकल' म्हणजे केंद्रकच, दुसरं काही नाही. कॅरिओकायनेसिस या शब्दासाठी प्रकलविभाजन केलं. त्यातलं ग्रीक कॅरिऑन म्हणजेसुद्धा कवचाचं फळच! पण एकाच तक्त्यावर एकाच वस्तूची दोन नावं नकोत. 'केंद्रकाचे विभाजन' लिहा. विश्वकोशातली 'कोशिका'ही त्याच कारणाने टाळा. शब्द शुद्ध आहे, पण मुलांच्या तोंडी पेशीच आहे.

काणकोणहून

गुणसूत्र की रंगसूत्र? वाल्डेयरने १८८८ मध्ये क्रोमोसोम हे नाव दिलं. क्रोमा म्हणजे रंग, सोमा म्हणजे काया. त्यामुळे 'रंगसूत्र' मूळ शब्दाला जास्त धरून आहे. पण ही सूत्रं स्वतः रंगीत नसतात, ती रंग शोषून घेतात. 'रंगसूत्र' नुसतं वाचणाऱ्याला कातडीचा किंवा डोळ्यांचा रंग ठरवणारं सूत्र असं वाटू शकतं. 'गुणसूत्र' काम सांगतं, आणि आता तेच रुळलं आहे. दोन्हींतलं 'सूत्र' मात्र फार नेमकं आहे. मायटोसिसमधलं ग्रीक मिटॉस म्हणजे धागा, म्हणून आपलं 'सूत्री विभाजन'.

रंग शोषतात म्हणजे काय, हे मुलांना डोळ्यांनी दाखवता येतं. कांद्याचं बूड पाण्याला जेमतेम टेकेल असा तो ग्लासवर ठेवा. पाणी रोज बदला, नाहीतर आपल्या पावसाळी हवेत मुळं फुटायच्या आधी बूड कुजतं. मुळं दोन-तीन सेंटिमीटर झाली की सकाळी टोकं कापून तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग ग्लेशियल ॲसेटिक आम्ल अशा मिश्रणात दिवसभर ठेवा. मग एक नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात ६० अंश सेल्सियसला पाच ते दहा मिनिटं. याने पेशींना जोडणारा चिकटा सैल होतो. हे कमी झालं तर पेशी एकमेकींवर चढून बसतात आणि काहीच उमगत नाही. मग ॲसिटोकार्मिन हा लाल रंग. सगळ्यात गडद झालेलं टोक, एक-दोन मिलिमीटरच घ्या. लांब तुकडा घेतलात तर नुसत्या ताणलेल्या, विभाजन थांबलेल्या पेशी दिसतात. काचपट्टीवर टोक ठेवा, वर आच्छादन काच, तिच्यावर टीपकागद, आणि अंगठ्याने सरळ दाबा. अंगठा फिरवलात की गुणसूत्रं गुंडाळली जातात. नीट पसरलेल्या पेशीत १६ मोजता येतात.

विभाजन चालू नसताना हेच धागे सैल असतात, त्याला 'क्रोमॅटिन'. याला मराठी शब्द घडवायचा हट्ट धरू नका, क्रोमॅटिन सगळ्यांना कळतं.

डिचोलीहून

कार्य एका ओळीत लिहायचं आहे. 'केंद्रक हा पेशीचा मेंदू' असं चालेल का?

फोंड्याहून

मला पटत नाही. मेंदू हुकूम देतो, केंद्रक नोंदी सांभाळतं. पेशीच्या बाहेरून किंवा पेशीद्रव्यातून निरोप येतो, तेव्हा कुठली नोंद उघडायची ते ठरतं. आपल्याकडे जमिनीचा एक-चौदाचा उतारा असतो ना, ती तुलना जवळची. मूळ नोंद कचेरीतच राहते, माणसाच्या हातात पडतो तो उतारा. डीएनए केंद्रकातच राहतो आणि त्याचा आरएनए-उतारा बाहेर जातो. पाठ्यपुस्तकातला शब्द 'प्रतिलेखन', तक्त्यावर तोच लिहा, पण समजावताना 'उतारा काढणे' म्हणा. उतारा कच्चा बाहेर जात नाही. आधी त्याला टोपी चढते, मधले बिनकामाचे तुकडे कापून उरलेले जोडले जातात, शेवटी ॲडेनिनची लांब शेपटी लागते. मग केंद्रकाबाहेर रायबोझोमवर 'भाषांतरण', म्हणजे प्रथिन घडणं.

केंद्रकाच्या आवरणातल्या वाटांना 'केंद्रकछिद्र' म्हणतात, त्या शब्दाबद्दलही एक सांगायला हवं. छिद्र म्हटलं की भोक वाटतं, आणि ही तर राखलेली दारं आहेत. सुमारे तीस प्रकारच्या प्रथिनांची, आठ पाकळ्यांच्या फुलासारखी रचना. साधारण ४० किलोडाल्टनपर्यंतचे (डाल्टन हे रेणूच्या वस्तुमानाचं एकक) रेणू आपोआप आत-बाहेर करतात. त्याहून मोठ्या प्रथिनाच्या साखळीत प्रवेशाची खूण असावी लागते. ती खूण इम्पोर्टिन नावाचं वाहक प्रथिन ओळखतं आणि त्याला आत नेतं. आत रॅन नावाचं प्रथिन जीटीपी या छोट्या रेणूसह इम्पोर्टिनला चिकटलं की माल सुटतो. खूण बिघडली तर प्रथिन धडधाकट असूनही दाराबाहेर राहतं. म्हणून मी 'छिद्र' न लिहिता 'छिद्रसंकुल' लिहीन.

मडगावहून

चित्राबद्दल थोडं. आवरण दुहेरी रेघेने काढा, पण छिद्राच्या जागी दोन्ही रेघा तशाच तोडून सोडू नका. तिथे बाहेरची रेघ वळून आतल्या रेघेला मिळते. ही चूक छापील आकृत्यांतही असते. बाहेरची रेघ एका बाजूला आंतर्द्रव्यजालिकेत, म्हणजे पेशीद्रव्यातल्या पडद्यांच्या जाळ्यात, पुढे गेलेली दाखवा. केंद्रिकेला कडेची रेघ नको, नुसते दाट ठिपके.

माप धरून काढायचं असेल तर माणसाच्या पेशीचं केंद्रक सुमारे ६ मायक्रोमीटर व्यासाचं धरा आणि तक्त्यावर ६० सेंटिमीटरचं करा, म्हणजे एक लाखपट. मग छिद्रसंकुल सव्वा सेंटिमीटरच्या आसपास येईल, आवरणाच्या दोन पडद्यांतली फट दोन ते चार मिलिमीटर. डीएनएचा धागा ०.२ मिलिमीटर जाडीचा. एका पेशीतला सगळा डीएनए सरळ केला तर दोन मीटर भरतो, म्हणजे तुमच्या तक्त्याच्या मापाने २०० किलोमीटर. पेडण्यापासून काणकोणपर्यंत जाऊन परत यायचं, एवढा धागा ४६ तुकड्यांत त्या ६० सेंटिमीटरच्या गोळ्यात बसतो, तोही प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळून. एकेका रिळावर डीएनएच्या १४७ बेस-जोड्या (धाग्याच्या दोन पदरांना जोडणाऱ्या पायऱ्या), पावणेदोन वेढ्यांपेक्षा थोडं कमी. तेव्हा बाकी सगळं वाळल्यावर क्रोमॅटिन शेवटी घ्या, सगळ्यात बारीक पेनाने, आणि आवरणाच्या आतल्या कडेला जरा दाट ठेवा.