शब्दचर्चा : कंटेनरचं 'स्टफिंग' आणि 'लोडिंग'

प्रश्न : निर्यातीच्या कागदपत्रांचा अनुवाद करते आहे. एकाच पानावर 'स्टफिंग' आणि 'लोडिंग' दोन्ही आलेत. दोन्हींना 'माल भरणे' म्हटलं तर चालेल का? कोशात स्टफिंगला 'ठासणे, कोंबणे' सापडलं.

– नाही चालणार. रिकाम्या कंटेनरमध्ये माल भरणं म्हणजे स्टफिंग. भरून सील केलेला कंटेनर जहाजावर चढवणं म्हणजे लोडिंग. मध्ये बरंच काही घडतं. १ जुलै २०१६ पासून 'सोलास' या सागरी सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं वजन कळवल्याशिवाय तो जहाजावर घेत नाहीत. मी पहिल्याला 'कंटेनरभराई' आणि दुसऱ्याला 'जहाजावर चढवणे' म्हणेन.

'कोंबणे' तर अजिबात नको. जड माल खाली, हलका वर. वजन एका टोकाला एकवटू द्यायचं नाही. फटींत लाकडी ठोकळे किंवा हवेच्या पिशव्या, वरून पट्ट्यांनी आवळायचं. जहाज डोलायला लागलं की सुटा माल कंटेनरच्या भिंतींवर आदळतो, म्हणून हा सगळा खटाटोप. कोंबाकोंबी नेमकी टाळायची असते.

– मग 'रचणे' का नको?

– खोकी आणि पिंपांपुरतं ठीक. पण आतून मोठी पिशवी लावून सुटं धान्यही कंटेनरमध्ये ओततात, तेही स्टफिंगच. ते कसं रचणार?

– उलट क्रियेला 'डीस्टफिंग' किंवा 'स्ट्रिपिंग'. अमेरिकी कागदांत 'डीव्हॅनिंग' दिसेल. 'उतरवणे' लिहू नका, कंटेनरच जहाजावरून उतरवला असं वाटेल. सरळ 'कंटेनर रिकामा करणे'. कंटेनरभरणीच्या २०१४ च्या आंतरराष्ट्रीय संहितेत (सीटीयू कोड) स्टफिंगला 'पॅकिंग' म्हटलंय, पण मराठीत पॅकिंग म्हटलं की खोकं आणि चिकटपट्टीच आठवते.

– वरच्या व्याख्येला एक अपवाद जोडतो. बिल ऑफ लेडिंगवर (वाहतूक कंपनी मालासाठी देते त्या पावतीवर) 'शिपर्स लोड, स्टो अँड काउंट' असा शेरा असतो. माल पाठवणाऱ्याने स्वतः भरला, लावला, मोजला. आत काय आणि किती आहे ते वाहतूक कंपनीने पाहिलेलं नाही, असा त्याचा अर्थ. इथलं 'लोड' जहाजाशी संबंधित नाही, ते स्टफिंगच आहे. इथे 'जहाजावर चढवणे' लिहिलंत तर जबाबदारी कोणाची, हेच उलटंपालटं होईल.