ओजेटीला लॅबमध्ये आठ दिवस नुसतं बघतेय. रविवारी जाऊ का?

कराडची_मुक्ता

नमस्कार. टी.वाय. मायक्रोबायॉलॉजी, सहावं सेमिस्टर. ओजेटीचे (ऑन द जॉब ट्रेनिंग) चार क्रेडिट, म्हणजे १२० तास भरायचेत, म्हणून पुण्यात एका विद्यापीठाच्या लॅबमध्ये आलेय. मावशीकडे राहते, दोन बस बदलून जाते. मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "पंधरा दिवस कशालाही हात लावायचा नाही. दादाच्या मागे उभं राहायचं, बघायचं, वहीत लिहायचं." आज आठवा दिवस. पाय भरून येतात हो.

मैत्रिणीने एका खासगी ट्रेनिंग सेंटरला आठ हजार भरले, तिने पहिल्याच दिवशी पीसीआर (डीएनएच्या प्रती काढतात तो) लावला आणि स्टेटसही टाकलं. मी आपली कोपऱ्यात वही घेऊन.

काल दादा म्हणाला, "रविवारी ये, कुणी नसतं, तुला जेल रन करू देतो." (म्हणजे जेलीसारख्या लादीतून विजेने डीएनएचे तुकडे वेगळे करायचे.) जाऊ का? मॅडमना सांगायचं का? आणि नुसत्या बघण्याचे तास ओजेटीत धरतात का?

लॅबवाले_काका

मुक्ता, जाऊ नकोस.

मी २६ वर्षं लॅब टेक्निशियन होतो, गेल्या वर्षी रिटायर झालो. कुठल्या संस्थेत ते विचारू नका. आमच्याकडेही असाच एक रविवार झाला होता. एमएस्सीचा एक मुलगा, हुशार, सीनियरने किल्ली दिली म्हणून एकटाच आला. जेल चाललं छान. मग डीएनएचा पट्टा कापून घ्यायचा होता. पट्टा दिसावा म्हणून जेल यूव्हीच्या (अतिनील किरणांच्या) पेटीवर ठेवतात, तिच्यावर पिवळट काच असते, ती खाली असताना ब्लेड नीट पोचत नाही, म्हणून पठ्ठ्याने काच वर केली आणि पंधरा-वीस मिनिटं वाकून पट्टे कापत बसला. तेव्हा काहीच झालं नाही. यूव्हीचं तेच वाईट आहे, तेव्हा काही कळत नाही. रात्री दीडला होस्टेलवरून मला फोन: काका, डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतंय, उघडतच नाहीत. दोन दिवसांत बरा झाला, पण दवाखान्याच्या कागदावर लिहायचं काय? रजिस्टरमध्ये नाव नाही, सही नाही. कागदावर तो त्या दिवशी लॅबमध्ये नव्हताच. मॅडम अडचणीत आल्या, सीनियरची किल्ली गेली, आणि पुढची तीन वर्षं आमच्याकडे इंटर्न घेणंच बंद.

तुमच्या लॅबमध्ये जेलला एथिडियम ब्रोमाइड हा रंग वापरत असतील तर आणखी एक. ते डीएनएच्या शिडीत पायऱ्यांच्या मधे जाऊन बसतं, म्हणून तर पट्टा चमकतो. तुझ्या पेशींतलं डीएनए काही वेगळं नाही. हातमोजे सगळेच घालतात. पण त्याच मोज्याने दाराची कडी, मग फोन, मग संध्याकाळी त्याच फोनवर बोलता बोलता वडापाव. ही साखळी आठ दिवसांत तुझ्या नजरेला पडली असेल तर बघणं वाया गेलेलं नाही.

आणि बघायचं काय ते कुणी सांगत नाही, ही तुझी खरी तक्रार असावी. उद्यापासून हे बघ. ऑटोक्लेव्ह (वाफेच्या दाबाने निर्जंतुक करायचं यंत्र) १२१ अंशांवर, १५ पौंडांवर, १५ मिनिटं, हे पुस्तकात आहे. पण दादा झाकण कधी उघडतो? दाबाचा काटा शून्यावर यायच्या आधी उघडतो का? पुसायला अल्कोहोल ७० टक्केच का, शंभर का नाही? (शंभर टक्के भर्रकन उडून जातं, शिवाय जंतूंची प्रथिनं मोडायला पाणीही लागतं.) लॅमिनारमध्ये (निर्जंतुक हवेच्या कपाटात) हात घालण्याआधी यूव्ही बंद केला की विसरला? कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत काय जातं, लालमध्ये काय, सुया कुठे? वहीत चुकलेल्या ओळीवर तो पांढरं लावतो की एकच रेघ मारून सही करतो? पान फाडणारा माणूस दिसला तर त्याच्याकडून काही शिकू नकोस.

मैत्रिणीचं म्हणशील तर, त्या सेंटरमध्ये किटमधलाच नमुना असतो. उत्तर आधीच माहीत असतं. आठ हजारांत प्रमाणपत्र मिळतं, चूक करायला मिळत नाही.

निवांत_पीएचडी

मी तो "रविवारी ये" म्हणणाऱ्यांच्या जमातीतला. दादाच्या बाजूने थोडं बोलतो. आठवडाभर जेलच्या टाकीसाठी रांग असते, इंटर्न बरोबर असला की वीस मिनिटांच्या कामाला पन्नास लागतात, आणि मुलं हिरमुसलेली बघवत नाहीत. हेतू बहुतेक चांगलाच असतो. पण काका म्हणतात ते खरं. पडताळायचं असेल तर त्याला एवढंच विचार: "मॅडमना मेसेज करून येऊ का?" तो "कशाला?" म्हणाला तर नको जाऊस.

तासांचं: एका क्रेडिटला ३० तास धरतात, त्यात बघणं, वाचणं, मीटिंगला बसणं हेही आलं असं आमच्याकडे मानतात, पण तुझ्या कॉलेजच्या मेंटरकडून आजच लिहून घे. शेवटच्या आठवड्यात मारामारी नको. रोजच्या रोज तारीख, वेळ, काय पाहिलं, मॅडमची सही. सह्या एकदम घ्यायला गेलीस तर त्या चष्म्यावरून बघतात, अनुभव आहे.

अजून एक, जे कुणी बोलत नाही. जेलचा फोटो स्टेटसला टाकू नकोस. तुला तो चमकणारा पट्टा, पण त्यात कुणाची तरी चार वर्षं असतात आणि पेपर अजून छापायचा असतो.

बॉस्टनची_आई

आमच्या चिरंजीवांनी सोळाव्या वर्षी इथल्या एका विद्यापीठात उन्हाळ्यात असंच शॅडोइंग केलं. आधी आमच्या दोघांच्या सह्या, मग सुरक्षेचं ऑनलाइन ट्रेनिंग, मग पायाकडे बघून परत पाठवलं, कारण सँडल होते. पहिला दिवस बूट आणण्यात गेला. एकट्याने खोलीत थांबायचं नाही, अगदी प्राध्यापक कॉफी आणायला गेले तरी यानेही बाहेर यायचं.

मला ते अति वाटलं होतं. मग शेजारणीने २०११ सालची येल विद्यापीठातली गोष्ट सांगितली. शेवटच्या वर्षाची मुलगी, रात्री वर्कशॉपमध्ये लेथवर एकटी, केस मशीनमध्ये अडकले. बंद करायला बाजूला कुणी नव्हतं. मुक्ता, केस बांधतेस ना गं?

कराडची_मुक्ता

बांधते काकू, आता अंबाडाच घालते.

दादाला तोच प्रश्न विचारला. तो जरा गप्प झाला, मग म्हणाला, "बरं, मंगळवारी करू, मॅडम असतात तेव्हा." रविवारी मावशीबरोबर मंडईत गेले.

काल मॅडमनी वही मागितली. मी काकांचं ऐकून ऑटोक्लेव्हच्या काट्याबद्दल लिहिलं होतं, दादाने शून्यावर यायच्या आधी दोनदा झाकण उघडलं तेही. नाव लिहिलं नव्हतं, पण लॅबमध्ये दादा एकच आहे. मॅडम काही बोलल्या नाहीत. आज सकाळी ऑटोक्लेव्हवर नवीन कागद चिकटवलेला होता आणि दादा माझ्याशी बोलत नाहीये.

उद्या पहिल्यांदा मीडिया (जंतू वाढवायचं खाद्य) बनवायला देणार आहेत, ५०० मिली. काका, ऑटोक्लेव्हमध्ये ठेवताना बाटलीचं झाकण घट्ट लावायचं ना?

लॅबवाले_काका

सैल! अर्धा फेरा सैल. आणि बाटली काठोकाठ भरू नकोस. दादासाठी चहा घेऊन जा.