ओहायो स्टेट सहज जिंकणार, हे मला मान्य नाही

मिशावाकाकर
काल इथल्याच एकाने लिहिलं की २० जानेवारी २०२५ ला अटलांटात अमेरिकन कॉलेज फुटबॉलची फायनल आहे, ओहायो स्टेट विरुद्ध आमची नोटर डेम, पण तिथे नुसता उपचार उरलाय. ओहायो स्टेटचे आकडे बघा, बेटिंगवालेही त्यांना आठ-साडेआठ पॉइंटांनी पुढे धरतात, नोटर डेमने इथवर आल्याचं समाधान मानावं. रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही, म्हणून लिहायला बसलोय.

आकडे बघायचे तर पुरते बघा. शुगर बोलमध्ये, म्हणजे जॉर्जियाविरुद्धच्या क्वार्टरफायनलला, आमचा क्वार्टरबॅक (पास फेकून हल्ला चालवणारा) रायली लेनर्डचे पासिंगचे यार्ड होते फक्त ९०. एकूण यार्डांतही जॉर्जिया पुढे होती. तरी नोटर डेम २३-१० ने जिंकली. हाफच्या तोंडावर फील्ड गोल, लगेच आमच्या आर. जे. ओबेनने जॉर्जियाच्या क्वार्टरबॅकच्या हातून बॉल उडवला, पुढच्याच प्लेला टचडाऊन, आणि हाफनंतरच्या पहिल्या किकऑफवर जेडन हॅरिसन ९८ यार्ड धावला. ५४ सेकंदांत १७ पॉइंट. मोसमाच्या सरासरीत हे शोधून सापडणार नाही.

आता डावपेच. ओहायोचा पास घेणारा जेरेमाया स्मिथ, त्याने रोज बोलमध्ये, म्हणजे त्यांच्या क्वार्टरफायनलला, ओरेगॉनविरुद्ध ७ कॅच आणि १८७ यार्ड घेतले. नऊ दिवसांनी सेमीफायनलला टेक्ससने त्याला १ कॅच आणि ३ यार्डांवर ठेवलं. एका पोरावर दोघांचं लक्ष ठेवलं की हे जमतं, आणि आमच्या झेवियर वॉट्ससारखा सेफ्टी (सगळ्यात मागचा बचावपटू) मागे असताना आमचे डिफेन्सचे प्रशिक्षक अल गोल्डनना ते जमणार नाही असं कोण म्हणेल? मग त्यांच्या क्वार्टरबॅकला, हॉवर्डला, पास घेणारा दुसरा कोणी, एगबुका किंवा टेट, मोकळा होईपर्यंत थांबावं लागेल. क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या ओहायोच्या लाइनमधला डावा टॅकल जॉश सिमन्स ऑक्टोबरपासून नाही, सेंटर मॅक्लॉफ्लिन नोव्हेंबरपासून नाही. डोनोव्हन जॅक्सन मुळात गार्ड, तो टॅकलला उभा आहे. तेवढा वेळ मिळेल, हे गृहीत धरू नका.

आणि आमचा ऑफेन्स कंटाळवाणा आहे, हे मला माहीत आहे. पेन स्टेटविरुद्ध सेमीफायनलला, ऑरेंज बोलमध्ये, १७ थर्ड डाऊनपैकी (दहा यार्डांसाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांतला तिसरा) ११ निघाले ते लेनर्डच्या चिवटपणावर. बॉल आमच्याकडे राहिला तर स्मिथ बाकावर बसून राहतो.

हाय स्ट्रीटवाला
ते काल लिहिणारा मी. सांगितलंत ते अर्धंच सांगितलंत. जॉर्जियाचा क्वार्टरबॅक त्या दिवशी पर्यायी होता, गनर स्टॉकटन. हे का गाळलंत? आमच्या लाइनची दुखणी मोजलीत, तुमची कोण मोजणार? तुमच्या डिफेन्समधला राइली मिल्स इंडियानाविरुद्ध गुडघ्याने गेला, बेंजामिन मॉरिसन ऑक्टोबरमध्येच गेला. आणि डावा टॅकल नॅप ऑरेंज बोलमध्ये घोटा दुखावून बाहेर. त्याच्या जागी ऑगस्टपासून जायबंदी असलेला जगुसा, आणि समोर क्वार्टरबॅकवर धावून जाणारा आमचा जॅक सॉयर.

रोज बोलमध्ये आमच्या डिफेन्सने ओरेगॉनच्या धावण्याचे यार्ड किती होऊ दिले? उणे २३. आठ सॅक, म्हणजे आठ वेळा त्यांचा क्वार्टरबॅक बॉल हातात असतानाच पाडला. तीच ओरेगॉन ऑक्टोबरमध्ये आम्हाला एका पॉइंटने हरवून गेली होती. मधल्या काळात काय बदललं ते बघा.

लेनर्ड चिवट आहे, एवढं देतो.

ॲन आर्बरचा पाहुणा
३० नोव्हेंबर. मिशिगन १३, ओहायो स्टेट १०. तुमच्याच मैदानात.

आमच्या क्वार्टरबॅकने दिवसभरात ६२ यार्ड फेकले, हातात सहा विजय आणि पाच पराभव होते, आमचे चांगले खेळाडू बाहेर बसलेले. तरी तुमचे प्रशिक्षक रायन डे धावणारे पाठवून मधल्या भिंतीवरच डोकं आपटत राहिले. धावून ७७ यार्ड! बाहेर स्मिथ उभा असताना! आकडे तेव्हाही तुमचेच मोठे होते. सलग चौथा पराभव होता तो. रायन डेंवर दडपण आलं की ते पाठ केलेल्या प्लेवर येतात, हे कुठल्या तक्त्यात लिहिलंय?

हाय स्ट्रीटवाला
आलात. मिशिगनचा विषय नसलेला धागा तुम्हाला सहनच होत नाही. त्या दिवशी मी स्टेडियममध्ये होतो. मॅच संपल्यावर मैदानात झेंडा रोवण्यावरून हाणामारी झाली, पोलिसांनी मिरचीचा फवारा मारला, आणि माझा नऊ वर्षांचा मुलगा गाडीत बसेपर्यंत एक शब्द बोलला नाही. मला आठवण करून द्यायची गरज नाही.

त्यानंतरचं प्लेऑफमधलं ऐका: ४२-१७, ४१-२१, २८-१४. तीन मॅचमध्ये १११ विरुद्ध ५२. शिकले म्हणूनच झालं ना हे?

ठाण्याची आई, सध्या सिनसिनाटी
मला खेळातलं फार कळत नाही, नवरा आणि मुलगा बघतात म्हणून बघते. पण एक गोष्ट खुपते. ओहायो स्टेटच्या क्रीडाप्रमुखांनी स्वतःच सांगितलंय की या संघावर साधारण २ कोटी डॉलर खर्च झालेत. हॉवर्ड कॅन्सस स्टेटमधून आणला, धावणारा जडकिन्स मिसिसिपीतून. मग हे कॉलेजचे संघ कसे? माझी मुलगी एका सरकारी विद्यापीठात आहे. दुसऱ्या वर्षी लॅबची फी वाढली, शिकवणी केंद्राचे तास कमी झाले. विचारलं तर बजेट नाही म्हणाले. त्याच हंगामात स्टेडियमच्या सुइट नव्या झाल्या. तुम्ही इथे टॅकलच्या घोट्यावर चर्चा करताय, त्या पैशांबद्दल कोणीच बोलत नाही.

पर्वतीचा गणितवाला
ताई, हे दोन वेगळे खिसे आहेत. खेळाडूंचे ते पैसे बहुतांशी देणगीदार आणि जाहिरातदारांकडून आलेत, तुमच्या मुलीच्या फीमधून नाही.

आणि दुसरी बाजू मी जवळून बघितली आहे. २०१७ मध्ये मी एम.एस. करताना स्टॅटिस्टिक्सचा टीए (शिकवण्यात मदतनीस) होतो. माझ्या वर्गात फुटबॉल संघातला एक राखीव लाइनमन होता. पहाटे पाचला वजनं उचलून यायचा, पहिल्या बाकावर बसून झोप आवरायचा. ऑक्टोबरमध्ये गुडघ्याचं ऑपरेशन झालं. इमारतीची लिफ्ट बंद, पोरगा कुबड्या घेऊन तिसऱ्या मजल्यावर यायचा. स्वतःच्या नावाची जर्सी विकून एक डॉलर कमवायची त्याला परवानगी नव्हती. प्रशिक्षकाचा पगार मात्र वर्तमानपत्रात छापून यायचा. जुलै २०२१ पासून पोरांना स्वतःच्या नावावर कमावता येतं, हे फार आधी व्हायला हवं होतं.

ठाण्याची आई, सध्या सिनसिनाटी
त्या मुलाबद्दल वाईट वाटतं, खरंच. पण वेगळे खिसे म्हणता, ते मला पटत नाही. देणगी देणारा माणूस एकच असतो. त्याने क्वार्टरबॅकसाठी चेक लिहिला की लॅबसाठी लिहिणार नाही.

व्हिसावाला
दोघांनाही न दिसलेली तिसरी बाजू. मी एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर होतो, सत्र चालू असताना काम आठवड्याला २० तास, तेही कॅम्पसवरच. रात्री अकरापर्यंत लायब्ररीत पुस्तकं लावली. परदेशातून आलेल्या खेळाडूंचीही तीच गत, संघातल्या शेजाऱ्याची जाहिरात टीव्हीवर येते आणि याने तसा करार केला तर व्हिसा धोक्यात. मैदानात दोघं तितकाच मार खातात. ‘पोरांना कमावता येतं’ असं सरसकट लिहू नका.

पर्वतीचा गणितवाला
बरोबर आहे, ‘अमेरिकन पोरांना’ असं लिहायला हवं होतं.

ॲन आर्बरचा पाहुणा
पैशांवर बोलायचंच तर नोटर डेमचं बोला. प्लेऑफमध्ये आल्याचे ४० लाख, क्वार्टरफायनलचे ४० लाख, सेमीफायनलचे ६० आणि फायनलचे ६० लाख डॉलर. एकूण २ कोटी, आणि कुठल्याही कॉन्फरन्समध्ये (विद्यापीठांच्या गटात) नसल्यामुळे सगळे त्यांच्याच तिजोरीत. ओहायो स्टेटला तेच पैसे कॉन्फरन्सच्या १८ जणांत वाटायचे आहेत. वर वेळापत्रकही आपल्या सोयीचं.

मिशावाकाकर
सोयीचं? कॉन्फरन्स नाही म्हणून या मोसमात पहिल्या फेरीची सूट आम्हाला मिळूच शकत नव्हती, बाकी सगळ्यांना धुतलं असतं तरी. हा नियम मान्य करून खेळतोय आम्ही. जे पैसे कमावले ते मैदानात कमावले.

आणि ७ सप्टेंबरला नॉर्दर्न इलिनॉयकडून १६-१४ ने घरी हरलो, हे तुम्ही काढायच्या आत मीच काढतो. लाज वाटली त्या दिवशी. त्यानंतर सलग १३ जिंकलो आहोत.

हाय स्ट्रीटवाला
धागा मॅचचा होता. २०२३ ची मॅच विसरलात का? साउथ बेंड, तुमचंच मैदान, एक सेकंद शिल्लक असताना आम्ही १७-१४ ने जिंकलो. शेवटच्या दोन्ही प्लेला तुमचे मैदानात अकराऐवजी दहाच खेळाडू होते. दहा! प्रशिक्षक तेव्हाही फ्रीमनच. दडपणाखाली कोण गडबडतं, याचं उत्तर मला तिथेच मिळालं.

मिशावाकाकर
मी तिथे होतो. बायको शेजारी उभी राहून बोटांवर मोजत होती, ‘अहो, एक कमी आहे’ म्हणून ओरडली, आणि मी तिला गप्प बस म्हणालो. त्या रात्री घरी येईपर्यंत आम्ही बोललो नाही. ती चूक फ्रीमननी स्वतःवर घेतली, खेळाडूवर ढकलली नाही. ओहायोत वाढलेला, तुमच्याच संघाकडून लाइनबॅकर खेळलेला माणूस आहे तो. आई कोरियातून आलेली. आमच्या घरात तो जिंकावा असं वाटण्याचं हेही एक कारण आहे, आणि ते आकड्यांशी संबंधित नाही, हे कबूल करतो.

डाव्या टॅकलचा तुमचा मुद्दा खरा आहे. जगुसाला सॉयरसमोर एकट्याने सोडलं तर दुपारी जेवलेलं पचणार नाही. म्हणून मला वाटतं, पहिल्या ड्राइव्हला (बॉल आमच्याकडे असतानाच्या खेपेला) पास फारसे नसतील. लेनर्डला स्वतःलाच पळवतील, चार यार्ड, तीन यार्ड, पुन्हा चार, अख्खा क्वार्टर खाऊन टाकतील.

हाय स्ट्रीटवाला
खाऊ दे. एक ड्राइव्ह खाल्ला म्हणून मॅच होत नाही, आणि क्वार्टरबॅकला असा पळवला तर तिसऱ्या क्वार्टरला तो उभा राहील का, ते बघा.

स्मिथचं तुमचं गणित बरोबर आहे, तेही फक्त सेफ्टी मागे राहिला तर. पण गोल्डनना मॅन कव्हरेज (एकावर एक बचावपटू) आवडतं, आणि चार जणांनी हॉवर्डपर्यंत पोचता आलं नाही की ते जास्तीचा माणूस पाठवतात. कधीतरी उशिरा, थर्ड डाऊनला, दहा-बारा यार्ड हवे असताना ते पाठवतीलच. तेव्हा स्मिथसमोर एकटा कॉर्नर (कडेचा बचावपटू) उरेल. मी त्या एका पासची वाट बघतोय.