'अंगाला बेतलेला डोस' म्हटलं तर चालेल का?

भुसावळकर: मामाची किडनी बदलून आठ महिने झाले. घरी आलेल्या माहितीपत्रकात 'वैयक्तिकृत प्रतिकारशक्ती-दमन उपचार' असं छापलंय. मामींनी तीनदा वाचलं आणि विचारलं, "हे दमण म्हणजे दीव-दमणवालं का रे?" सांगायचंय एवढंच, की शरीराने परकी किडनी नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी ज्याला-त्याला वेगळ्या मापाने देतात. 'अंगाला बेतलेला डोस' कसं वाटतं?

चोपडेकर: नको. जिवावर बेतणं आठवतं. दवाखान्याच्या कागदावर तर नकोच नको.

शब्दवेडी, धुळे: जिवावर बेततं, अंगाला बेततात. पहिल्यात करणारा कोणी नाही, दुसऱ्यात कात्री घेतलेला माणूस समोर उभा आहे. 'वर' आणि 'ला' सांभाळलं की झालं. शिवाय 'बेताचा' आहेच, ना कमी ना जास्त. (परिस्थिती बेताची असली की ती कमीच असते, हा भाग वेगळा.) या गोळीला तो शब्द चपखल बसतो. कमी पडली तर किडनी नाकारली जाते, जास्त झाली तर त्याच किडनीला इजा, हात थरथरतात, साखरही वाढते.

लॅबवाला, जळगाव: आम्ही नुसतं 'टॅक्रो लेव्हल' म्हणतो. गोळी टॅक्रोलिमस, लेव्हल म्हणजे तिची रक्तातली पातळी. रात्रीच्या गोळीला बारा तास झाले की, सकाळची घेण्याआधी रक्त काढायचं. 'उपाशीपोटी या' सांगितलं तर लोक चहा टाळतात आणि गोळी पाण्याबरोबर घेऊन येतात! परवा एक काका पहाटेच्या एसटीने आले, खिशातून रिकामी पट्टी काढून म्हणाले, "घेतली बरं का, विसरलो नाही." झालं, परत दुसऱ्या दिवशी फेरी. तेव्हा 'बेतलेला' ठेवा, पण माप कधी घ्यायचं तेही लिहा.

चोपडेकर: वजनावरून ठरत नाही का डोस?

लॅबवाला, जळगाव: सुरुवात वजनावरून. पण सीवायपी३ए५ हे एन्झाइम ज्यांच्यात चालू असतं, ते गोळी भराभर मोडतात. त्यांना साधारण दीडपट ते दुप्पट लागते. टीबीची रिफॅम्पिसिन सुरू केली की पातळी धाडकन उतरते, बुरशीवरच्या फ्लुकोनॅझोलने चढते.

टेलर, अमळनेर: बेतणं म्हणजे शिवणं नाही हो. आधी माप, मग बेतणं, मग शिलाई. आणि आत माया सोडतो, पुढे उसवून सैल करायला. बाकी आमचे बाबा म्हणत तेच खरं, तुन्हं माप येगळं, मन्हं माप येगळं.

शब्दवेडी, धुळे: माया! या औषधात नेमकी तीच नाही. गुण येण्याची पातळी आणि त्रास होण्याची पातळी अगदी खेटून असतात.

रावेरकर: आमच्याकडे केळी घरची. टॅक्रोने पोटॅशियम चढतं, म्हणून वहिनीला रिपोर्ट बघून केळं मिळतं. तेही बेतूनच.

भुसावळकर: मामींना 'अंगाला बेतलेला' पटकन कळलं. आता 'रिजेक्शन' अडलंय. कागदावर 'अस्वीकार' आहे.

शब्दवेडी, धुळे: खाल्लेलं अंगी लागतं तसं, 'किडनी अंगी लागली नाही'?

लॅबवाला, जळगाव: गोड आहे, पण नको. एकदा अंगी लागली म्हटलं की माणूस निवांत होतो. रिजेक्शन कित्येक वर्षांनीही होऊ शकतं. साधं 'नाकारणं' लिहा.