गेममधली नावं येतात कुठून? स्क्वाडचं नाव ठरवायचंय

जुळे_सोलापूरकर:
आम्ही चार पोरं बीजीएमआय या मोबाईल गेमला नवीन स्क्वाड (टीम) काढतोय, गड्ड्याच्या म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या सुट्टीत कस्टम रूम (आपली खासगी मॅच) लावायचा प्लॅन आहे पण गाडी नावावरच अडलीय बे. एक म्हणतो सगळ्यांच्या नावाआधी एकच टॅग पाहिजे, दुसऱ्याला ते नक्षीवाले कंस पाहिजेत, तिसऱ्याचं ओपी लावल्याशिवाय भागत नाही. ही पद्धत पडली कुठून आणि त्या चिन्हांना काही अर्थ असतो का नुसतीच डिझाईन? माहिती असणाऱ्यांनी सांगा.

पार्क_चौक_स्नायपर:
टॅग लई जुना आहे. १९९६ ला कॉम्प्युटरवर क्वेक आला, त्यात लोक नेटवरून टोळ्या करून खेळायला लागले, टोळीला क्लॅन म्हणायचे आणि सर्व्हरवर आपला कोण परका कोण कळावं म्हणून नावाला क्लॅनचं नाव जोडायचे. बीजीएमआयवाला सोल मॉर्टल बघ ना, सोल ही टीम आणि मॉर्टल तो स्वतः. त्याच्याही आधी आर्केडच्या मशीन होत्या, अटारीचं अ‍ॅस्टेरॉइड्स १९७९ चं, त्यात हायस्कोर केला की फक्त तीन अक्षरं टाकता यायची, तीन अक्षरांत आपली ओळख ठेवून जायची, मला ते अजून भारी वाटतं.
ओपी म्हणजे ओव्हरपॉवर्ड. हे गेममधल्या अति ताकदवान बंदुकीला, कॅरेक्टरला म्हणतात, तिथून खेळाडूंनी उचललं. वायटी म्हणजे यूट्यूब, चॅनल नसेल तर लावू नका.

अशोक_चौक_अण्णा:
ते नक्षीवाले कंस जावानी लिपीतले, इंडोनेशियातल्या. तिकडं शीर्षकाच्या दोन्ही बाजूंना सजावट म्हणून काढतात. आणि टॅग आणि नावाच्या मधे जो तिरका फाटा दिसतो तो जपानी, लिफाफा चिकटवला की तोंडावर काढायचा. दिसायला छान आहेत पण कीबोर्डवर टाईप होत नाहीत, मित्राला सर्च करून तुम्ही सापडणार नाही, दरवेळी आयडी नंबर पाठवत बसा. त्यापेक्षा अक्षराच्या जागी आकडा घाला, काउंटर स्ट्राइक गेममधला युक्रेनचा सिंपल नावाचा खेळाडू इंग्रजी आयच्या जागी १ लिहितो, वाचायला काही अडत नाही.
मुख्य म्हणजे नाव माईकवर हाक मारता आलं पाहिजे. फाईट चालू असताना लांबलचक नाव कोण घेणार, तेवढ्यात तो नॉक झालेला असतो. आमच्या स्क्वाडात तेलुगू, कन्नड, मराठी सगळे आहेत, अण्णा म्हटलं की सगळ्यांना कळतं, म्हणून मी तेच ठेवलं.

एमएच१३_चादरवाला:
टॅग एमएच १३ ठेवा, दुसरा विचारच करू नका. मी पुण्यात हॉस्टेलला असताना रँडम मॅचमध्ये एका पोरानं माझं नाव बघून माईक चालू केला आणि म्हणाला काय बे, सोलापूरचा का, तो निघाला आपल्या सोलापूरच्या भवानी पेठेतला, अजून आम्ही सोबत खेळतो. गाडीच्या पासिंगवरनं माणूस ओळखायची आपल्याकडं सवयच आहे. फक्त तुमच्यातला कोण अकलूजकडचा असेल तर आधी विचारा, त्यांचं पासिंग ४५ आहे आणि ते लोक त्या बाबतीत लई पक्के असतात.

जुळे_सोलापूरकर:
अकलूजचा एक आहेच, विचारलं, तो तयार आहे. एमएच १३ आणि पुढं ज्याला ज्या नावानं हाक मारतो ते, चिन्हं बंद. ओपीवाला अजून ऐकत नाहीये, रात्री रूमवर बसून पटवतो त्याला.