कस्टम बोर्डवर कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) कधी बूट होतो, कधी होत नाही

प्रश्न: आम्हीच डिझाइन केलेला एआरएम बोर्ड आहे, यू-बूट (कर्नल सुरू करून देणारा बूटलोडर) दरवेळी नीट येतं पण १० पैकी ३-४ वेळा 'स्टार्टिंग कर्नल' एवढं छापून सगळं गप्प, सिरियल कन्सोलवर पुढे एक अक्षर नाही, आणि रीसेट दाबला की बऱ्याचदा लगेच चालू होतं. तीच कर्नल इमेज रेफरन्स बोर्डवर (चिप कंपनीच्या नमुना बोर्डवर) कधीच अडकत नाही. आठवडा गेला यात, कुठून सुरुवात करू?

उत्तर: आधी बूटआर्ग्समध्ये (यू-बूट कर्नलला देतं त्या पर्यायांत) अर्लीकॉन टाक, म्हणजे कन्सोल सुरू व्हायच्या आधी कुठे अडकतंय ते दिसेल. मग इमेज रॅममध्ये लोड करून यू-बूटमधूनच सीआरसी३२ (डेटा तपासायचा चेकसम) काढ, निदान ८-१० वेळा. आकडा एकदा जरी बदलला तर कर्नलच्या मागे लागू नकोस, रॅममध्येच घोळ आहे.

उत्तर: रॅमचा सप्लायसुद्धा ऑसिलोस्कोपवर बघ रे, व्होल्टेजचा क्षणभराचा डिप मल्टिमीटरवर दिसतच नाही.

प्रश्नकर्ता: सीआरसी ३ वेळा वेगळा आला! डीडीआरचं (रॅमचं) टायमिंग रेफरन्स बोर्डवरून जसंच्या तसं उचललं होतं, आमच्या ट्रेसची (बोर्डवरच्या तांब्याच्या रेषांची) लांबी वेगळी आहे. रॅमचा क्लॉक ४०० वरून ३०३ मेगाहर्ट्झवर आणला, सलग ५० बूट झाले. आता आमच्या बोर्डसाठी टायमिंगचं कॅलिब्रेशन नीट करतो, मनापासून आभार दोघांचे.