मर्मेडमधल्या स्टेट डायग्रामला रंग कसे द्यायचे?

फक्तबाण:
ऑर्डरच्या प्रवासाची स्टेट डायग्राम (कोणत्या अवस्थेतून कुठे जाता येतं याचं चित्र) मर्मेडमध्ये, म्हणजे लिहिलेल्या ओळींतून चित्र काढणाऱ्या टूलमध्ये, लिहिली आहे. बाराएक अवस्था आहेत आणि सगळ्या एकाच रंगात येतात. ‘रद्द’ आणि ‘पेमेंट फसलं’ या दोन लाल दिसल्या तरी पुरे. थीम बदलली तर सगळंच बदलतं. गिटहबवर प्रोजेक्टच्या रीडमीत (माहितीच्या फाइलीत) ठेवायची आहे, त्यामुळे इमेज बनवून चिकटवायची नाहीये.

कंसबंद:
थीमला हात लावू नका, ती सगळ्या चित्रासाठी असते. तुम्हाला क्लासडेफ हवं, म्हणजे रंगांचा एक वर्ग ठरवून तो हव्या त्या अवस्थांनाच लावायचा. ‘क्लासडेफ’ लिहून वर्गाला नाव द्या, उदाहरणार्थ ‘चूक’, आणि पुढे फिल (आतला रंग), स्ट्रोक (कडेचा), कलर (अक्षरांचा) स्वल्पविराम देऊन लिहा. मग ‘क्लास’ या ओळीत दोन्ही अवस्थांची नावं आणि शेवटी वर्गाचं नाव. किंवा बाणाच्या ओळीतच अवस्थेला चिकटून तीन कोलन आणि वर्गाचं नाव, मधे स्पेस नको.
‘पेमेंट फसलं’मध्ये स्पेस आहे, तिथे अडकाल. आधी छोटा आयडी घ्या, कोलन देऊन त्याला हे लांब नाव लावा आणि पुढे सगळीकडे आयडीच वापरा.

रिकामीचौकट:
फिलसोबत कलरही द्याच! मी एकदा नुसता फिकट पिवळा फिल दिला होता. माझ्याकडे झकास दिसत होतं, पण डार्क मोडवाल्यांना पिवळ्यावर फिकट अक्षरं. दोन दिवस कोणी बोललंही नाही.

फक्तबाण:
‘रद्द’ लाल झाली, धन्यवाद. ‘पेमेंट फसलं’ मात्र ढिम्म. ती ‘पेमेंट’ या मोठ्या अवस्थेच्या आत आहे, त्यामुळे असेल का?

कंसबंद:
त्यामुळेच. संयुक्त अवस्थेला आणि तिच्या आतल्या अवस्थांना क्लासडेफ लागत नाही, ही मर्यादा मर्मेडच्या माहितीपानावरच नोंदवली आहे. सुरुवातीच्या आणि शेवटच्या ठिपक्यांचंही तेच. आवृत्तीनुसार फरक पडू शकतो, पण रीडमी दाखवताना कोणती आवृत्ती चालते ते आपल्या हातात नसतं.

रिकामीचौकट:
प्लांटयूएमएल या अशाच दुसऱ्या टूलमध्ये हे सहज होतं. अवस्थेच्या नावापुढे हॅश आणि रंगाचं नाव. बाहेरची चौकट गुलाबी, आतली निळी, काहीही करा. बाणही रंगवता येतात. पण गिटहब २०२२पासून मर्मेड थेट रीडमीत दाखवतं, प्लांटयूएमएल नाही. म्हणजे पुन्हा इमेज आलीच.

कंसबंद:
दोन लाल चौकटींसाठी टूल बदलू नका हो. तसंही ‘पेमेंट’च्या आत किती अवस्था आहेत?

फक्तबाण:
तीनच. चौकट मोडून तिन्ही बाहेर काढल्या, दोन बाण वाढले, पण लाल रंग लागला. ‘डायरेक्शन एलआर’ टाकून चित्र आडवं केल्यावर गिचमिडही कमी झाली. सुरुवातीचा ठिपका काळाच राहू दे.